कॉन्स्टँटिनोपल : सोमवार सकाळ ते मंगळवार दुपार

सोमवार, २८ मे १४५३, सकाळ

तटावर रात्र काढलेल्यांना सकाळी पहिल्यांदा खटकली ती शांतता. वेढा पडून ५२ दिवस झाले होते. ढोल-नगारे, गाड्यांची खडखड, खंदकात माती लोटणाऱ्यांचा गलका हे सगळं अंगवळणी पडलं होतं. रविवारी मध्यरात्रीपर्यंत मशालींच्या उजेडात खंदक बुजवण्याचं काम चाललं आणि मग सगळे दिवे एकदम मालवले गेले. आता दिवस वर आला तरी समोरच्या छावणीत हालचाल नाही. सुलतानाचा हुकूम होता : सोमवार विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा. एवढ्या मोठ्या फौजेला सुट्टी कशासाठी मिळते, हे शहरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय तुर्कांच्या छावणीतल्या ख्रिस्ती शिपायांनी बाणांना चिठ्ठ्या बांधून आत सोडल्या होत्या. शेवटचा हल्ला ठरला आहे, असं त्यांत लिहिलेलं होतं.

पुढे दिलेल्या वेळा ढोबळ आहेत, हे इथेच सांगून टाकतो. त्या काळी लोक सूर्योदय-सूर्यास्तावरून प्रहर मोजत. तटावर असलेला व्हेनिसचा जहाजावरचा वैद्य निकोलो बार्बारो याने रोजनिशी ठेवली होती. तोही ‘उजाडायच्या तीन तास आधी’ असंच लिहितो. घड्याळाचे आकडे नंतरच्या इतिहासकारांनी बसवले आहेत.

आपण ज्याला बायझंटाइन साम्राज्य म्हणतो, तिथले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत आले. ३३० साली कॉन्स्टंटाइन बादशहाने ही राजधानी वसवली, तेव्हापासून ११०० वर्षांहून अधिक काळ ती रोमन गादी होती. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या ख्रिस्ती सैन्यानेच ती फोडून लुटली. १२६१ मध्ये ती परत मिळाली, पण शहर पुन्हा कधी सावरलं नाही. १४५३ साली साम्राज्य म्हणजे हे शहर, दक्षिण ग्रीसचा एक तुकडा आणि थोडी बेटं. एके काळी लाखोंनी माणसं राहत त्या तटाच्या आत आता ५०,०००च्या आसपास लोक उरले होते. मधल्या ओसाड वस्त्यांत शेतं आणि फळबागा झाल्या होत्या.

तट मात्र जुन्या काळाचाच होता. जमिनीच्या बाजूने साडेसहा किलोमीटर. आधी रुंद खंदक, मग बाहेरचा तट, मग मोकळा पट्टा आणि त्यामागे सुमारे १२ मीटर उंचीचा आतला तट. पाचव्या शतकात बांधलेल्या या तटाने अवार, अरब, बल्गार असे कितीतरी हल्ले परतवले होते. समुद्राकडच्या भिंती धरल्या तर घेर वीसेक किलोमीटर भरे.

त्यावर उभं राहायला माणसं किती? वेढ्याच्या सुरुवातीला बादशहा अकरावा कॉन्स्टंटाइन याने आपला विश्वासू अधिकारी स्फ्रांत्झिस याला गुपचूप मोजदाद करायला सांगितली होती. शस्त्र धरू शकणारे ग्रीक ५,०००च्याही आत निघाले. बादशहाने आकडा ऐकला आणि तो स्वतःपाशीच ठेवायला सांगितलं. व्हेनिस, जिनोआ, कॅटलोनियाकडचे परके धरून एकूण ७,०००च्या आसपास. म्हणजे वीस किलोमीटरवर सारखी वाटली, तर दर तीन मीटरला एक माणूस. झोप, जेवण, जखमा यांचा हिशेब त्यात नाही. समोरच्या फौजेचा अंदाज आजचे इतिहासकार ८०,०००च्या घरात धरतात. या शहराच्या पतनाची जी अनेक कारणं सांगितली जातात, त्यांत मला हा स्फ्रांत्झिसचा आकडा सगळ्यात वरचा वाटतो. बाकीची कारणं त्याच्या पोटात येतात.

सोमवार, दुपार

सुलतान मेहमेद घोड्यावरून आपल्या मोर्च्यांची पाहणी करत होता. वय २१. त्याच्यासाठी हा डाव शहराचा तेवढाच गादीचाही होता. १२ वर्षांचा असताना बापाने त्याला एकदा गादीवर बसवलं होतं. मग वजीर हलील पाशाने खटपट करून बापालाच परत आणलं आणि पोराला खाली उतरवलं. १४५१ मध्ये बाप वारला, मेहमेद पुन्हा सुलतान झाला आणि वजीर तोच राहिला. आताही, अवघ्या काही दिवसांपूर्वीच्या मसलतीत हलीलने वेढा उठवायचा सल्ला दिला होता. सात आठवडे झाले, तट उभाच आहे, पश्चिमेकडून आरमार आलं तर काय करणार, असा त्याचा सवाल होता. झगानोस पाशाने उलट बाजू धरली आणि तरुण सरदार त्याच्या मागे गेले. मेहमेदला हवं होतं तेच ऐकायला मिळालं, पण वेळ संपत आली आहे हे त्यालाही ठाऊक होतं. हा हल्ला फसता तर वेढा बहुधा उठला असता आणि हलीलचं म्हणणं खरं ठरलं असतं.

त्याची सगळी भिस्त तोफांवर होती. ओर्बान नावाचा हंगेरियन ओतारी आधी बादशहाकडेच नोकरीला आला होता. बादशहाकडे त्याला द्यायला ना पैसा होता, ना धातू. तो सुलतानाकडे गेला. त्याने ओतलेली सगळ्यात मोठी तोफ आठ मीटरच्या आसपास लांब होती. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल : ती जेमतेम साडेचार मीटर आहे. (मुलूखमैदान ओतली गेली आपल्या अहमदनगरात, १५४९ साली, आणि ओतणारा होता महंमद बिन हसन रूमी, म्हणजे याच उस्मानी मुलखातला. मेहमेदच्या वंशजांच्या राज्यातली ही विद्या शंभर वर्षांत दख्खनेत पोचली होती.) ओर्बानच्या तोफेचा दगडी गोळा ५०० किलोहून जड. एडिर्नेहून ती ओढून आणायला ६० बैल लागले. पण दिवसाकाठी सातच बार निघत, कारण प्रत्येक बारानंतर नळी थंड करावी लागे. तटातल्या लोकांना नेमकी ही फट सापडली. दोन बारांच्या मधल्या वेळात आणि रात्रभर, बायका-मुलांसकट सगळे खपून भगदाड बुजवत.

लायकस नावाचा एक ओढा शहरात शिरतो, तिथे जमीन खोलगट आहे आणि तटही खाली उतरतो. तोफांनी तिथला बाहेरचा तट पार लोळवला होता. त्या जागी जुस्तिनियानीने नवाच बांध घातला : लाकडं, दगड, फांद्या, वर मातीने भरलेली पिंपं आणि बाहेरून कातडी व लोकरीची गाठोडी. गोळा दगडी भिंतीला फोडतो, मऊ मातीत मात्र रुतून बसतो. जोव्हान्नी जुस्तिनियानी हा जिनोआचा सरदार. तटबंदीच्या लढाईतला नामांकित माणूस. जानेवारीत ७०० माणसं घेऊन तो आपण होऊन मदतीला आला आणि बादशहाने जमिनीकडचा सगळा तट त्याच्या हाती दिला. ग्रीक आणि व्हेनिसवाले एकमेकांचं तोंड पाहत नसत. जिनोआवाल्यांवर तर दोघांचाही भरोसा नव्हता. तरी या माणसाचं सगळे ऐकत.

त्या दुपारी त्याचं बादशहाचा वजीर नोतारास याच्याशी कडाक्याचं भांडण झालं. त्याला तटावर आणखी तोफा हव्या होत्या. नोतारास म्हणाला, बंदराकडून काढून देणार नाही. दोघांचंही खरं होतं. २२ एप्रिलला मेहमेदने सत्तरेक जहाजं चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून डोंगर ओलांडून गोल्डन हॉर्नच्या खाडीत उतरवली होती. खाडीच्या तोंडावरची ती प्रसिद्ध साखळी जागच्या जागी राहिली आणि बिनकामाची झाली. त्या दिवसापासून खाडीकडच्या भिंतीवरही माणसं उभी करावी लागली. ती आणायची कुठून? जमिनीकडच्याच तटावरून.

सोमवार, संध्याकाळ

शहरात घंटा वाजत होत्या. लोक मूर्तिचित्रं खांद्यावर घेऊन तटाच्या कडेने फिरत होते, भगदाडापाशी थांबून प्रार्थना म्हणत होते. गेल्या आठवड्यात याच शहरात अशीच मिरवणूक निघाली होती, तेव्हा मेरीमातेचं चित्र हातांतून निसटून खाली पडलं आणि मग गारांचा असा पाऊस झाला की मिरवणूक मोडली. २२ मेला चंद्रग्रहण झालं होतं. त्यानंतर एक दिवस सगळं शहर दाट धुक्यात बुडालं. शकुन-अपशकुन मानणाऱ्या गावाला आणखी काय हवं?

आणि २३ मेला एक छोटं गलबत परत आलं होतं. त्यातल्या बारा जणांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण या सगळ्या कथेत बादशहा, सुलतान, सरदार यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आणि या बारा जणांची नावंही कोणी लिहून ठेवली नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी, तुर्की वेष चढवून, ते अंधारात बाहेर पडले होते. व्हेनिसचं आरमार मदतीला येत आहे असं सांगितलं जात होतं, त्याचा शोध घ्यायला. त्यांनी एजियन समुद्र पालथा घातला. आरमार कुठेच नव्हतं. तेव्हा बोटीवर चर्चा झाली : आता परत जायचं का? एकजण म्हणाला, शहर पडणार हे उघड आहे, परत जाणं म्हणजे मरण. बाकीच्यांनी ठरवलं की बादशहाने पाठवलं आहे, तर उत्तर त्याला कळवलं पाहिजे. ते तुर्की नाकेबंदीतून पुन्हा आत आले आणि ‘कोणी येत नाही’ एवढं सांगितलं. बार्बारो लिहितो की बादशहाला रडू कोसळलं.

सोमवारी संध्याकाळी हागिया सोफियात प्रार्थना झाली. डिसेंबरपासून बहुतेक ग्रीक लोक या चर्चची पायरी चढत नव्हते. १२ डिसेंबर १४५२ रोजी तिथे रोमच्या चर्चशी एकीकरणाची घोषणा झाली होती. पोपची मदत मिळावी म्हणून बादशहाने हे केलं आणि लोकांनी ते धर्म विकल्यासारखं मानलं. मदत फारशी आलीच नाही, भांडण मात्र घरोघरी शिरलं. त्या संध्याकाळी जे आत आले त्यांनी कोणत्या पंथाचा पाद्री पूजा सांगतो आहे हे पाहिलं नाही. रोमचा कार्डिनल आणि ऑर्थोडॉक्स बिशप एकाच वेदीपाशी उभे होते. सहा महिने जे घडवता आलं नाही ते त्या एका संध्याकाळी घडलं.

सूर्यास्त

मावळतीचं ऊन तटावरच्यांच्या डोळ्यांत येत होतं. तेवढी वेळ साधून छावणी जागी झाली. हजारो माणसं खंदकाकडे धावली, माती-फांद्या लोटायला लागली. तोफा पुढे सरकवल्या जात होत्या. पाऊस आला, काम थांबलं नाही.

आत, आपापल्या जागी जाण्याआधी शिपायांनी घरच्यांचा निरोप घेतला. मग ते बाहेरच्या आणि आतल्या तटाच्या मधल्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या मागे आतल्या तटाचे दरवाजे कुलूपबंद केले गेले. दोन्ही तट लढवायला माणसं नव्हती, म्हणून बाहेरचाच लढवायचा आणि मागे फिरायची वाट कोणालाच ठेवायची नाही, असं ठरलं होतं. हा निर्णय धाडसाचा होता, आणि दुसरा काही पर्यायही नव्हता. पण पहाटे सगळं याच कुलपांवर येऊन ठेपलं.

मध्यरात्र

बादशहा राजवाड्यात गेला, नोकरचाकरांना बोलावून झाल्या-गेल्याची माफी मागितली आणि स्फ्रांत्झिसला बरोबर घेऊन घोड्यावरून तटाची फेरी मारली, अशी हकिकत सांगतात. ती स्फ्रांत्झिसच्या नावावर खपणाऱ्या ज्या विस्तृत बखरीत आहे, ती शंभरेक वर्षांनी एका बिशपने वाढवून लिहिलेली आहे. तेव्हा ती जपूनच वाचावी. बादशहाच्या हातात दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

मंगळवार, २९ मे. रात्री दीडच्या सुमारास

आरोळ्या, नगारे, शिंगं, सगळं एकदम. साडेसहा किलोमीटरच्या तटावर एकाच वेळी हल्ला, भर मात्र लायकसच्या खोलगटावर. चर्चच्या घंटा वाजू लागल्या. ज्यांना शस्त्र धरता येत नव्हतं ते दगड आणि पाणी घेऊन तटाकडे धावले.

पहिली लाट बाशीबाझूकांची. लुटीच्या आशेने आलेली बेशिस्त गर्दी, त्यांत हंगेरियन, स्लाव, जर्मन, इटालियन, ग्रीकसुद्धा. उलट शहराच्या आत सुलतानाचा भाऊबंद, शहजादा ओरहान, आपले तुर्क घेऊन बादशहाच्या बाजूने भिंत राखत होता. ही लढाई क्रॉस विरुद्ध चंद्रकोर एवढी सरळ रंगवतात ते चूक आहे. बाशीबाझूकांच्या मागे चाबूक आणि गदा घेतलेले हवालदार उभे केले होते. त्यांच्यातून कोणी सुटलाच तर त्यामागे सुलतानाची खास पलटण, जानिसारी. ही लाट तटावर फुटावी, एवढ्यासाठीच सोडलेली होती. समोरच्यांचे हात थकवणं हे तिचं काम. दोनेक तास ती फुटत राहिली.

पहाटे, साडेतीनच्या सुमारास

पहिल्यांना मागे घेतलं आणि दम खायला वेळ न देता अनातोलियाचं खडं सैन्य पुढे आलं. शिस्तीचं, चिलखत घातलेलं. जागा अरुंद, त्यामुळे तेही एकमेकांवर पडत होते आणि वरून दगड येत होते. उजाडायला तासभर असेल, तेव्हा ओर्बानच्या तोफेचा गोळा बरोबर मातीच्या बांधावर बसला आणि बांधाचा मोठा भाग कोसळला. धुरळ्यातून तीनेकशे जण आत घुसले, शहर आपलं झालं असं ओरडतच. बादशहा स्वतः तिथे होता. त्याच्या माणसांनी त्यांना घेरलं, बरेचसे कापले, उरलेल्यांना खंदकात रेटलं. अनातोलियावाल्यांचा जोर तिथेच ओसरला.

या क्षणी शहर जिंकत होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. मोठ्या तोफेने तट फोडून झाला, दोन लाटा मागे गेल्या, खाडीकडे आणि समुद्राकडे कुठेच शिरकाव झाला नव्हता. पण तटावरची तीच माणसं चार तास लढत होती. बदली नव्हती. मेहमेदकडे अजून न वापरलेली पलटण होती, आणि ती सगळ्यात चांगली होती.

उजाडताना

जानिसारी धावत आले नाहीत. रांगा न मोडता, ठेक्यावर पावलं टाकत आले. लहानपणी ख्रिस्ती घरांतून उचलून मुसलमान केलेली आणि लढाईसाठीच वाढवलेली ही मुलं. खंदकापर्यंत खुद्द सुलतान त्यांच्याबरोबर आला. तासभर हातघाई झाली आणि बांध टिकला.

उत्तरेला, जिथे जुना तट ब्लाखर्नाईच्या राजवाड्याच्या भिंतीला मिळतो, तिथे केर्कोपोर्ता नावाचा एक चोरदरवाजा होता. बाहेर छापे घालायला तो वापरत. छाप्यावरून परतताना कोणीतरी तो नीट लावला नाही, पन्नासेक तुर्क आत शिरले आणि बुरुजावर झेंडा लागला. उघड्या राहिलेल्या दरवाजाची ही गोष्ट जगभर सांगितली जाते, कारण एका विसराळू माणसावर सगळं ढकललं की मन मोकळं होतं. पण ती त्या काळच्या लेखकांपैकी एकट्या डूकासनेच दिली आहे. शिवाय ते पन्नास आटोक्यात आणता आले असते, असं बहुतेक जाणकार मानतात. निकाल लागला तो लायकसपाशी.

सूर्य वर येण्याच्या सुमारास जुस्तिनियानीला वर्मी मार बसला. बाण की गोळी, छाती की हात, यावर साक्षीदारांचं एकमत नाही. बार्बारो व्हेनिसचा, त्यामुळे जिनोआच्या माणसाबद्दल त्याने ‘पळाला’ एवढंच लिहिलं आहे. जुस्तिनियानीचं रक्त वाहत होतं आणि मला जहाजावर न्या, असं तो म्हणत होता. मागे आतला तट, त्यात एक छोटा दरवाजा, त्याला कुलूप. किल्ली मागायला माणूस बादशहाकडे गेला. बादशहा स्वतः धावत आला आणि थांबण्यासाठी विनवू लागला. जुस्तिनियानीने ऐकलं नाही. दरवाजा उघडला गेला, माणसांनी त्याला उचललं आणि बंदराकडे नेलं.

त्याच्या सैनिकांनी हे पाहिलं. सेनापती जातो आहे आणि दार उघडं आहे. रात्रभर न हललेली माणसं दाराकडे धावली आणि त्या अरुंद वाटेत चेंगरली. खंदकाच्या पलीकडून मेहमेदला गडबड दिसली. त्याने जानिसारींना पुन्हा लोटलं. हसन नावाचा एक धिप्पाड शिपाई तीसेक साथीदारांसह बांधावर चढला, असं त्याच उशिराच्या बखरीत आहे. तो आणि त्यातले निम्म्याहून जास्त तिथेच पडले, पण त्यांच्या मागचे थांबले नाहीत.

सूर्योदयानंतर

बादशहा शेवटचा दिसला तो त्या मधल्या पट्ट्यात, पायी, तलवार घेऊन. राजचिन्हं उतरवून तो गर्दीत घुसला असं सांगतात. त्याचं प्रेत खात्रीने कधी ओळखलं गेलं नाही. त्यामुळे ग्रीक लोककथांत तो मेलाच नाही : संगमरवराचा होऊन एका गुहेत झोपला आहे.

आतलं सगळं झपाट्याने घडलं. तुर्की झेंडा दिसल्यावर खाडीतल्या तुर्की खलाशांनी लुटीच्या घाईने जहाजं सोडली आणि तेही शहरात घुसले. या घाईमुळेच बरेच ख्रिस्ती वाचले. आल्विझे दिएदो नावाच्या व्हेनिसच्या कप्तानाने साखळीचे बंध कुऱ्हाडीने तोडवले आणि भरली जहाजं उत्तरेच्या वाऱ्यावर बाहेर काढली. जुस्तिनियानीही असाच बाहेर पडला. काही दिवसांनी तो त्या जखमेनेच मेला, तेव्हा ‘भित्रा’ हा शिक्का निदान अर्धा तरी खोटा ठरतो.

शहरात एक भविष्य प्रचलित होतं : तुर्क कॉन्स्टंटाइनच्या खांबापर्यंत येतील, तिथे देवदूत उतरून एका गरिबाच्या हाती तलवार देईल आणि ते परत फिरतील. हागिया सोफिया त्या खांबाच्या पलीकडे होतं. म्हणून हजारो माणसं तिथे जमली आणि दारं लावून घेतली. सकाळची प्रार्थना चालू होती. कुऱ्हाडींनी दारं फुटली. मारलं फार थोड्यांना, कारण जिवंत माणसाला बाजारात भाव होता. ज्याच्या हाती जो लागला तो त्याने बांधला. दोरी संपल्यावर बायकांच्या ओढण्यांनी बांधलं. मृतांचा आकडा सुलतानाची बाजू घेणारा ग्रीक लेखक क्रिटोव्हूलोस ४,००० देतो. बंदी त्याच्या कितीतरी पट.

कार्डिनल इसिडोरने आपले कपडे दुसऱ्या एकाला चढवले, तो मारला गेला, आणि स्वतः गुलाम म्हणून विकला जाऊन पुढे खंडणीवर सुटला. शहजादा ओरहान साधूच्या वेषात पळताना सापडला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. क्रीटच्या खलाशांनी बंदरातोंडाचे तीन बुरूज दुपारपर्यंत सोडले नाहीत. शेवटी त्यांना जहाजासकट जाऊ दिलं गेलं. त्या दिवशी सुलतानाने शस्त्रांसकट बाहेर जाऊ दिलेले ते बहुधा एवढेच.

मंगळवार, दुपार

मेहमेद घोड्यावरून आत आला. हागिया सोफियाच्या दाराशी उतरला, मूठभर माती घेऊन पागोट्यावर टाकली. आत एक शिपाई फरशीचा संगमरवर उकरत होता. सुलतानाने त्याला हाणलं : लूट तुमची, इमारती माझ्या. मग अजान झाली. तीन दिवसांनी, १ जूनला, तिथे पहिली जुम्म्याची नमाज झाली.

हलील पाशाला त्या वसंतात दिलेला सल्ला महागात पडला. शहर पडल्यावर लगेच त्याला कैद झाली आणि मग मृत्युदंड. ग्रीक समाजात मंगळवार अजूनही अशुभ धरतात. आपल्याकडे तो गणपतीचा आणि देवीचा वार, हा नुसता योगायोग.

उरलं आपल्या शाळेतलं वाक्य. ‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियन भारताचा समुद्रमार्ग शोधू लागले.’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेलं हे वाक्य तारखांना टिकत नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकाला सेउटा घेतलं १४१५ साली आणि ते पश्चिम किनाऱ्याने खाली सरकू लागले ते कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या किती तरी आधी. मिरी आणि मसाला मुख्यतः येई तो अलेक्झांड्रियाहून, आणि इजिप्त तुर्कांच्या हाती आलं १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला आल्यावर १९ वर्षांनी आणि गोवा पोर्तुगीजांकडे गेल्यावर सातव्या वर्षी. व्हेनिसने तर एप्रिल १४५४ मध्येच मेहमेदशी तह करून दुकान पुन्हा मांडलं. ग्रीक पंडित पळून इटलीला गेले आणि रिनेसान्स झाला, हे जोडवाक्यही तसंच. मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला बसला तो १३९७ साली.

पुस्तक बदलायला वेळ लागेल. तोवर इतिहासाच्या शिक्षकांनी फळ्यावर १४५३ लिहिताना शेजारी १४१५ आणि १५१७ एवढी दोन सालं लिहावीत आणि मुलांना विचारावं, वाक्य जमतं का?